एकच दीर्घिका धरा: देवयानीपासून सुरुवात कशी करावी

दीर्घिकांविषयी, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहांविषयी (गॅलॅक्सी), शिकायचं म्हटलं की लोक आधी फोटो बघतात, मग प्रकारांचा तक्ता पाठ करतात आणि वेळ उरला तर आकाशाकडे बघतात. मी वर्गात हा क्रम उलटा लावते. एकच दीर्घिका निवडायची, ती आपल्या डोळ्यांनी शोधायची आणि मग खगोलशास्त्रज्ञांनी तिला जे प्रश्न विचारले तेच आपणही विचारायचे. ही किती लांब आहे? कुठे चालली आहे? हिचं वजन किती? यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळी पद्धत शोधावी लागली. त्या पद्धती एका दीर्घिकेवर नीट समजल्या की बाकीच्या वाचताना अडत नाही.

निवडीत डोकं खाजवायची गरज नाही. देवयानी, म्हणजे मेसिएच्या यादीतली एम-३१. आपल्या आकाशगंगेबाहेरची, महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांनी दिसणारी मोठी दीर्घिका हीच. मॅजेलनचे मेघ या दोन छोट्या दीर्घिका तिच्याहून ठळक आहेत, पण ते फार दक्षिणेला. मोठा मेघ आपल्याकडे क्षितिजाला जेमतेम टेकतो आणि धुळीत विरून जातो.

रात्र निवडताना कॅलेंडर हातात घ्या. अंधार हवा म्हणजे अमावास्या हवी, पण आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन असतं आणि त्या रात्री फटाक्यांच्या धुराने आकाशाचं मातेरं झालेलं असतं. म्हणून तिच्या पुढची कार्तिक अमावास्या धरा. नोव्हेंबरच्या मध्यात देवयानी रात्री साडेनऊच्या सुमारास सर्वांत उंच असते, डिसेंबरच्या मध्यात साडेसात-पावणेआठलाच. थंडी बेताची, हवा कोरडी आणि मुलांना झोपायच्या आत घरी सोडता येतं. शिक्षकाला हेही बघावं लागतं.

जागेचं सांगते. मी जुन्नर तालुक्यात शिकवते. इथे अंधार मुबलक आहे आणि बिबटेही. उसाच्या कडेला, बांधावर एकट्याने सतरंजी टाकून बसू नका. आकाश कितीही सुंदर असलं तरी नाही. घराची किंवा शाळेची गच्ची बरी. चौकातला हायमास्ट थेट डोळ्यांत येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आड बसा, तेवढ्यानेही खूप फरक पडतो. मुंबईची हौशी मंडळी वर्षानुवर्षं वांगणीला जात आली आहेत. पुणेकरांनी ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करावी. १९४४ सालापासून हौशी लोकांना आकाश दाखवणारी ही संस्था आहे.

बसल्यावर वीस-पंचवीस मिनिटं काहीच शोधू नका. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो आणि मोबाईल एकदा जरी उघडला तरी पुन्हा पहिल्यापासून. नकाशा बघायला बॅटरी लागेलच. तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी करून रबरबँडने बसवा.

आता शोधायचं कसं. डोक्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसेल: पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे पश्चिमेला, उत्तरा भाद्रपदाचे दोन पूर्वेला. चौकोनाच्या आत ठळक तारा नाही, त्यामुळे तो मोकळाच वाटतो आणि पटकन ओळखू येतो. त्याचा ईशान्य कोपरा पकडा. तिथून आणखी ईशान्येकडे जा. मध्ये एक मंद तारा ओलांडला की तितक्याच तेजाचा, किंचित लालसर तारा लागतो. तो मिराक. इथे काटकोनात वळायचं, उत्तरेला शर्मिष्ठेच्या एम आकाराच्या दिशेने. एक मंद तारा, मग त्याहून मंद दुसरा. या दुसऱ्याच्या अगदी शेजारी, पश्चिमेला, धुराचा पुसट ठिपका दिसतो. तीच देवयानी. पडताळा हवा असेल तर उत्तरेकडे तोंड करा आणि हात ताणून मुठी मोजा. एक मूठ साधारण दहा अंशांची. देवयानी सर्वांत उंच असते तेव्हा डोक्यावरच्या बिंदूपासून उत्तरेला दोन मुठी खाली असते.

थेट रोखून बघितलं तर ती नाहीशी होते. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेचा भाग मंद उजेड चांगला टिपतो, म्हणून नजर ठिपक्याच्या थोडी बाजूला ठेवा आणि लक्ष ठिपक्यावर. १०×५० चा बायनॉक्युलर असेल तर ठिपका लांबट होतो. कोपर भिंतीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवा, नाहीतर तो नाचत राहतो. आठ इंची दुर्बिणीतून तिच्याजवळच्या दोन छोट्या दीर्घिका, एम-३२ आणि एम-११०, वेगळ्या दिसतात.

इथे दरवर्षी एकच प्रश्न येतो: “मॅडम, एवढंच?” हो, एवढंच. रंग नाही, केंद्राभोवती गुंडाळलेले सर्पिल बाहू नाहीत. फोटोतली देवयानी आकाशात सहा पूर्णचंद्र शेजारी मांडावेत एवढी लांब आहे, पण डोळ्यांना तिचा फक्त मधला दाट भाग कळतो. कॅमेरा तासन् तास प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. दहाव्या शतकात पर्शियातल्या अल-सूफीने हिची नोंद ‘छोटा ढग’ अशीच केली होती. तुम्हीही वहीत एक वर्तुळ काढा, आजूबाजूचे तारे जागच्या जागी टिंबांनी मांडा आणि ढग मऊ पेन्सिलने घासून उतरवा. रेखाटन वाईट आलं तरी चालेल. हात चालायला लागला की डोळा जास्त बघतो.

पहिला प्रश्न अंतराचा, आणि माझ्या मते सगळ्यांत रंजक. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत हा ढग आपल्या आकाशगंगेतला की बाहेरचा, हेच ठरत नव्हतं. १९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांची यावर जाहीर चर्चा झाली. शॅप्ली म्हणत होते की आतला, कर्टिस म्हणत होते की बाहेरचा, आणि निकाल लागला नाही, कारण अंतर मोजायची पट्टीच कोणी देवयानीपर्यंत नेली नव्हती.

पट्टी मात्र तयार होती. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायापट्ट्या तपासायचं काम करणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी मॅजेलनच्या छोट्या मेघातले रूपविकारी तारे शोधले होते, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं ते. त्यातल्या सेफीड प्रकारच्या २५ ताऱ्यांचा अभ्यास त्यांनी १९१२ साली मांडला. तेज वाढून, घटून पुन्हा वाढायला जितके जास्त दिवस लागतात, तितका तो तारा मुळात जास्त तेजस्वी असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे तेजातला फरक खराच होता, अंतराचा खेळ नव्हता.

हे वर्गात मी बल्बने करून दाखवते. बल्बवर किती वॅट लिहिलंय हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतोय यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं: अंतर दुप्पट केलं की उजेड चौथा हिस्सा, तिप्पट केलं की नववा. लेव्हिट यांनी ताऱ्यावरचा ‘वॅट’ वाचायची युक्ती दिली. दिवस मोजा, खरं तेज कळेल. खरं तेज आणि दिसणारं तेज हातात आलं की अंतर उरतं तेवढं काढायचं.

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीची छायापट्टी घेतली. तिच्यावर त्यांनी तीन ठिकाणी नवताऱ्याची (नोव्हा, म्हणजे एकाएकी उजळणारा तारा) खूण म्हणून ‘एन’ लिहिलं. जुन्या पट्ट्यांशी ताडून बघताना त्यातला एक ठिपका पूर्वीही उजळत-मंदावत आल्याचं दिसलं. तिथला एन खोडून त्यांनी ‘व्हार’ (व्हेरिएबल, म्हणजे रूपविकारी) लिहिलं, पुढे उद्गारचिन्ह देऊन. तो सेफीड होता, ३१.४ दिवसांचा. इतक्या दिवसांचा सेफीड सूर्याच्या सुमारे दहा हजार पट तेजस्वी असतो, आणि छायापट्टीवर तर तो जेमतेम दिसत होता. हबल यांनी अंतर काढलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. आपली आकाशगंगा आहे साधारण १ लाख प्रकाशवर्षे व्यासाची. वाद मिटला.

आकडा मात्र चुकीचा होता. आज आपण देवयानीचं अंतर २५ लाख प्रकाशवर्षे धरतो. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मालवले गेले तेव्हा वॉल्टर बाडे यांना त्याच माउंट विल्सनवरून देवयानीच्या गाभ्याजवळचे तारे सुटे टिपता आले आणि ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात हे उमगलं. सेफीडही दोन जातींचे निघाले आणि दोघांची तेजाची पट्टी वेगळी. १९५२ साली त्यांनी ही दुरुस्ती जाहीर केली आणि बाहेरच्या दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. हायमास्टवाल्यांना हा किस्सा मी आवर्जून ऐकवते.

हबल यांचा तो तारा अजून तसाच उजळतो-मंदावतो. २०१० साली अमेरिकेतल्या रूपविकारी तारे बघणाऱ्या हौशी निरीक्षकांनी काही महिने त्याच्यावर नजर ठेवली, तो केव्हा सर्वांत तेजस्वी असेल ते काढलं आणि त्या वेळापत्रकावर हबल अवकाश दुर्बिणीने त्याचे फोटो घेतले. हौशी माणसाच्या कामाला इथे खरी किंमत आहे, ती अशी.

दुसरा प्रश्न: ती कुठे चालली आहे? यासाठी प्रकाश रंगांच्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, फोडावा लागतो. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीच्या रेषा वर्णपटात सोडतं. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरला असते. वस्तू लांब जात असेल तर सगळ्या रेषा तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या. तांबड्या बाजूच्या सरकण्याला पुस्तकात ताम्रच्युती म्हणतात, बोलताना आम्ही रेडशिफ्टच म्हणतो. १९१२ साली ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीचा वर्णपट घेतला. रेषा निळीकडे सरकलेल्या होत्या: सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने ती आपल्याकडे येते आहे. यातला बराचसा वेग आपलाच, कारण सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताना सध्या साधारण त्याच दिशेला धावतो आहे. तो वजा केला की सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास उरतो.

यावरूनच ‘काही अब्ज वर्षांनी धडक ठरलेली’ असं सगळीकडे छापलेलं असतं. ते आता सावधपणे वाचा. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शेजारच्या दीर्घिकांची ओढही हिशेबात घेऊन, पुढच्या १,००० कोटी वर्षांत धडक होण्याची शक्यता निम्मीच निघाली.

देवयानी जवळ येते हा अपवाद. दूरच्या बहुतेक सगळ्या दीर्घिका लांब जात आहेत, आणि जितकी लांब तितकी वेगाने. हे देवयानीवर शिकता येत नाही, म्हणून इथे तिला थोडा वेळ बाजूला ठेवून संगणकावर बसा. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने केलेल्या स्लोन सर्वेक्षणाचे लाखो वर्णपट ‘स्कायसर्व्हर’ या त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. एखादी निळसर सर्पिल दीर्घिका उघडा आणि तिच्या वर्णपटात ती हायड्रोजनची उंच रेषा शोधा. समजा ती ६५६.३ ऐवजी ६८९.१ ला सापडली. फरक ३२.८. त्याला ६५६.३ ने भागा: ०.०५. हाच तिचा रेडशिफ्ट. याला प्रकाशाच्या वेगाने गुणा, सेकंदाला ३ लाख किलोमीटर: वेग सेकंदाला १५,००० किलोमीटर. आता विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर धरून भागा: २१४ मेगापार्सेक. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षे, तेव्हा उत्तर सुमारे ७० कोटी प्रकाशवर्षे. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम, आणि अकरावीच्या पोरांना ते जमतं. फक्त हे गणित ०.१ च्या आतल्या रेडशिफ्टलाच वापरा. त्यापुढे विश्वाच्या प्रसरणाचा इतिहास मध्ये येतो. आणि अगदी जवळच्या दीर्घिकांनाही लावू नका, त्यांची आपापली धावपळ प्रसरणापेक्षा मोठी असते.

तिसरा प्रश्न वजनाचा. दीर्घिका तागडीत घालता येत नाही, पण ती फिरते. फिरणाऱ्या दीर्घिकेची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. दोन्हीकडच्या रेषांचं सरकणं मोजलं की फिरण्याचा वेग मिळतो. वेगाचा वर्ग गुणिले केंद्रापासूनचं अंतर भागिले गुरुत्व स्थिरांक, एवढंच सूत्र. सूर्यावर करून बघा: वेग सेकंदाला २२० किलोमीटर, अंतर २६,००० प्रकाशवर्षे. सूर्याच्या कक्षेच्या आत सुमारे ९,००० कोटी सूर्यांएवढं वस्तुमान निघतं.

आता गंमत. सूर्यमालेत बाहेरचे ग्रह हळू फिरतात, कारण जवळजवळ सगळं वजन मध्ये आहे. देवयानीचा उजेडही मध्येच दाटलेला, मग तिथेही कडेचे तारे हळू फिरायला हवेत. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी तिच्यातल्या तापलेल्या हायड्रोजनच्या ६७ ढगांचे वेग मोजले. बाहेर जावं तसा वेग उतरायला हवा होता, पण तो उतरतच नव्हता. पुढे रेडिओ दुर्बिणींनी उजेड संपतो त्याच्याही पलीकडे मोजलं, तिथेही तेच. म्हणजे न दिसणारं पुष्कळ वस्तुमान दीर्घिकेभोवती पसरलेलं आहे. त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय हे अजून कोणाला सापडलेलं नाही, आणि ‘सापडलं’ असं सांगणारे व्हिडिओ मला पाठवू नका.

रेडिओचा विषय निघाला तर आमच्या शेजारचंच उदाहरण घेते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय आकारात, सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं एनसीआरए हे केंद्र ती चालवतं. उभी राहिली ती गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून. थंड हायड्रोजन वायू डोळ्यांना दिसत नाही, पण २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो, आणि तारे याच वायूतून घडतात. दूरच्या दीर्घिकेची ही लहर वाटेत ताणली जाते. रेडशिफ्ट १ असेल तर ४२ सेंटीमीटर होऊन पोचते. २०२० साली आदित्य चौधरी, निसिम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी अशा ७,६५३ दीर्घिका घेतल्या. एकेकीचा संकेत गोंगाटात बुडालेला, म्हणून सगळ्यांचे एकावर एक रचून सरासरी काढली आणि सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी दीर्घिकांत किती वायू होता ते मोजलं. उत्तर असं की वायू भरपूर होता, पण तारे घडवायचा त्यांचा झपाटा इतका, की १००-२०० कोटी वर्षांतच तो संपला असता. त्यानंतर विश्वात तारे जन्मायचा वेग का मंदावला, याचा दुवा इथे मिळतो.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला लोकांसाठी प्रदर्शन असतं. सकाळी लवकर या, शाळांच्या गाड्यांची रांग लागते. मोबाईल बंद ठेवायला सांगतात तेव्हा कुरकुर करू नका. आकाशातून येणाऱ्या संकेताच्या मानाने तुमचा फोन म्हणजे आरडाओरडा आहे.

प्रकारांचं आता, शेवटी. सर्पिल: देवयानी, आपली आकाशगंगा. लंबवर्तुळाकार: एम-८७, आणि देवयानीशेजारची चिमुकली एम-३२. अनियमित: मॅजेलनचा छोटा मेघ. हबल यांचा नादकाट्याच्या (ट्यूनिंग फोर्क) आकाराचा तक्ता पुस्तकात असतो. तो वयाचा क्रम नाही, एवढं लक्षात ठेवा. उलट, दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की बऱ्याचदा लंबवर्तुळाकार तयार होते. आणि सर्पिल बाहू जमायला फार काळ लागतो या समजालाही धक्के बसत आहेत: एनसीआरएमधल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत ‘अलकनंदा’ ही रेखीव सर्पिल दीर्घिका सापडली, विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची. प्रकार ओळखायचा सराव हवा असेल तर ‘गॅलॅक्सी झू’वर जा. २००७ पासून तिथे सामान्य लोक दीर्घिकांची वर्गवारी करतात, आणि हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला तिथेच फोटोत एक विचित्र, चमकता वायूचा ढग दिसला, जो आता तिच्या नावाने ओळखला जातो.

देवयानी झाली की एप्रिल-मेमध्ये पुढचा धडा. रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेकडे चित्रा आणि हस्ताचा चौकोन बघा; दोघांच्या मधोमध, हस्ताच्या जरा वर एम-१०४ आहे, कडेने दिसणारी, मध्ये धुळीची काळी रेघ असलेली. मग उत्तरा फाल्गुनीपासून पूर्वेला कन्या राशीत दुर्बीण सावकाश सरकवा. त्या पट्ट्यात एकामागून एक पुसट ढग येतात, आणि सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवरची एम-८७ त्यांतच आहे. तिच्या गाभ्यातल्या कृष्णविवराची प्रतिमा २०१९ साली आली. इथे बायनॉक्युलरने भागत नाही, सहा इंची तरी दुर्बीण हवी. मे संपायच्या आत उरका, जूनमध्ये ढग येतात.